माळवद गळतंय, माती कुणी टाकायची?

उन्हानं भाजून निघणाऱ्या आपल्या सोलापुरात मृगाच्या पहिल्या सरीबरोबर एक भांडण हमखास उगवतं. जुन्या वाड्यात भाड्याच्या खोलीत टपटप सुरू होतं. आई पातेलं लावते, तुम्ही दप्तर उचलून कोनाड्यात ठेवता आणि बाबा मालकांकडे जातात. "माळवद गळतंय ओ!" मालक म्हणतात, "येतंय किती भाडं, अन् त्यात माती कुठनं टाकू?"

खरं कुणाचं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं १४ वं कलम म्हणतं, की वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत त्यांनी ते केलं नाही, तर भाडेकरूनं स्वतः करावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच! महिना शंभर रुपये भाडं असेल तर वर्षाचे झाले बाराशे, त्याचा पाव तीनशे. तेवढ्यात माती येईल की गडी? म्हणजे मालकांचं रडगाणं अगदीच खोटं नाही.

आणि गळण्याचं कारण नेहमी मातीच असतं असंही नाही बरं का! माळवदावर पांढरी माती दाबून बसवलेली असते, पाणी उतारानं पन्हळीतून खाली पडतं. पन्हळीत पाला अडकला की पाणी तुंबतं, मुरतं. पतंग उडवताना टाचांनी खड्डे पाडले तरी तेच. (आम्हीही पाडलेत. तेव्हा बोलणी मात्र मालकांनी खाल्ली!) पन्हळ साफ करायला नोटीस लागत नाही, एक काठी पुरते.

बोळात सायकली, स्कूटर कुठं लावायच्या, याचं भांडण वेगळंच. ते करारातच लिहून घ्यावं. करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, ती जबाबदारीही मालकाची.

तिकडं न्यूयॉर्कमध्ये माती नाही, बर्फ! तो पडायचा थांबला, की रात्रीचे तास सोडून ४ तासांत दारापुढची पायवाट मोकळी करायची. तिथला नियम मालक आणि भाडेकरू, दोघांचीही नावं घेतो. फावडं कुणी उचलायचं यावरून तिथंही जुंपत असेलच की!

तुमच्या वाड्यात पन्हळ कोण साफ करतं? कळवा आम्हाला.