हद्द महापालिकेची, प्रवास सगळ्या तालुक्याचा

"महापालिकेची स्वतःची परिवहन सेवा आहे, आता एसटीने शहरातून निघावे," हा युक्तिवाद वसई-विरारकरांनी पुष्कळ ऐकला आहे. 2009 मध्ये महापालिका झाली, 2012 मध्ये तिच्या बस धावू लागल्या, आणि 2016-17 च्या सुमारास एसटीने इथल्या शहरी फेऱ्या बंद करायचे ठरवले तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. शहर वाहतूक महापालिकेचे काम, एसटी तोट्यात, मग एकाच रस्त्यावर दोन सरकारी गाड्या कशाला?

कशाला, ते विरार स्थानकाबाहेर अर्नाळ्याच्या गाडीत बसले की कळते. बोळिंज, आगाशी ही गावे महापालिकेत. शेवटचा थांबा अर्नाळा, तिथे ग्रामपंचायत. मासळीची पाटी घेऊन पहाटे निघालेल्या कोळणीला हद्दीशी देणेघेणे नसते, तिला लोकल गाठायची असते. पूर्वेला पारोळ-भाताण्याच्या पोरांचे कॉलेज शहरात. महापालिकेने आपली गाडी हद्दीपलीकडे नेली तरी ती मर्जीने. फेऱ्या कापायची वेळ आली की पहिली नजर तिकडेच जाणार. आणि ज्यांची फेरी कापली जाईल त्यांना महापालिकेच्या निवडणुकीत मतसुद्धा नाही! दाद मागायची कुणाकडे?

"आमच्या करदात्याने परक्या गावाचा तोटा का सोसावा?" असेही विचारतात. परके कसे? त्यांची मासळी, भाजी, दूध शहराला हवे, त्यांचे मजूर हवेत. फक्त त्यांच्या तिकिटाचा तोटा नको.

कुणी इथल्या महापालिकेतून बाहेर पडू पाहणाऱ्या 29 गावांचा दाखला देईल. गावांना महापालिकेतून बाहेर पडू द्या म्हणता आणि शहराला एसटीतून नको? हो. जमीन, कर, पाणी यांसाठी गावकरी स्वतः रस्त्यावर उतरले, 2011 मध्ये सरकारने गावे वगळायचे ठरवले. एसटीच्या फेऱ्या बंद करायचे ठरवताना कुठल्या प्रवाशाला विचारले?

हद्दीचा हाच प्रश्न पुण्यातही आहे. तिथे पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, मिळून 2007 मध्ये पीएमपीएमएल झाली. पिंपरी-चिंचवडमधून वेगळे होण्याची मागणी अधूनमधून उठते. पैसे देऊन गाड्या कमी मिळतात, ही तक्रार रास्त असू शकते. तिच्यासाठी संचालक मंडळात कडाडून भांडावे. पण हिंजवडी दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर आहे. फारकत झाली तर तिथली बस कोणी चालवायची, यावरच आधी वाद होईल.

स्थानिकांना आपल्या रस्त्यांची जाण जास्त, हे मला मान्य आहे. महापालिकेने बस जरूर चालवाव्यात. मात्र एसटीची एकही फेरी बंद होण्याआधी तीच फेरी, त्याच वेळेला, शेवटच्या गावापर्यंत चालवण्याची लेखी हमी महापालिकेने द्यावी, विद्यार्थ्यांचा एसटीचा पास तिच्या बसमध्ये चालावा, आणि हद्दीबाहेरच्या तोट्याचा वाटा राज्य सरकारने उचलावा. तोवर एसटीला वसईतून एक गाडीही काढू देऊ नये.