पावसाची वही

मुलांनो, "यंदा पाऊस किती झाला?" असं विचारलं तर आजोबा सांगतील, "ओढा दोनदा वाहिला." उत्तर चुकीचं नाही बरं का! पण हवामान केंद्रात ते चालत नाही. तिथं आकडा लागतो.

सांगवीचंच घ्या. पुणे शहराला लागून असलेली नव्हे, बारामती तालुक्यातली, नीरा नदीकाठची. ढगांतलं बरंचसं पाणी सह्याद्रीवरच पडून जातं, उरलंसुरलं इकडं येतं. म्हणून हा पर्जन्यछायेचा प्रदेश. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, तर इकडं पाचशेच्या आतबाहेर. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका एकरावर झाले चार हजार लिटर!

आता समजा, एका वर्षी जूनमध्ये 100, जुलैत 80, ऑगस्टमध्ये 80, सप्टेंबरमध्ये 150 आणि ऑक्टोबरमध्ये 70 मिलिमीटर पाऊस झाला. दुसऱ्या वर्षी याच महिन्यांत 20, 30, 30, 300 आणि 100. बेरीज करा. दोन्हीकडे 480! वर्षाचा आकडा म्हणेल, दोन्ही वर्षं सारखीच. पण कॅनॉलचं पाणी न पोचणाऱ्या शिवारातल्या शेतकऱ्याला विचारा. पेरणीआधी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा, असं कृषी खातं सांगतं. दुसऱ्या वर्षी त्याची बाजरी गेलीच म्हणायची. शाळू तेवढा साधेल. म्हणून वर्षाच्या बेरजेआधी महिन्यांचे रकाने वाचावेत.

मे 2025 मध्ये तर बारामती-इंदापूरकडं उन्हाळ्यातच धो धो पाऊस कोसळला, नीरा डावा कालवा फुटला. तो पाऊस वर्षाच्या बेरजेत आला, पण 'जून ते सप्टेंबर' या पावसाळ्याच्या बेरजेत नाही. बातमीत 'सरासरीच्या इतके टक्के' असं वाचाल, तेव्हा कोणत्या महिन्यांची सरासरी, हे आधी बघा. ही सरासरीही एकदोन नव्हे, अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढतात.

या नोंदींवर पैसेही ठरतात. 2017 पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात अशा केंद्रांचे आकडे धरतात. पाऊस मात्र मंडळाची हद्द ओळखत नाही. या शिवारात पडतो, पलीकडे धूळ! तुमच्या बागेत गारा आणि केंद्राजवळ ऊन, असंही होतं.

तुम्हीही नोंद ठेवा. तळापासून तोंडापर्यंत सारखाच रुंद असलेला, सपाट तळाचा डबा झाडापासून, पत्र्यापासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, डबा रिकामा करा. वेळ हीच, कारण हवामान खातंही तेव्हाच मोजतं. त्यामुळे 31 मेच्या रात्रीचा पाऊस 1 जूनच्या नावावर जातो. पाऊस नसेल त्या दिवशी 0 लिहा. जागा कोरी सोडलीत, तर पाऊस नव्हता की डबा बघायचाच राहिला, हे पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाही.