अभिमानाला अभ्यासवृत्तीची जोड हवी

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये पाशवी हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्यानंतरची जवळजवळ ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना दयामरण द्यावे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने तीन डॉक्टरांकरवी त्यांची तपासणी करविली. त्या मृतवतच आहेत, असे याचिकेचे म्हणणे होते. तर वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका सांगत होत्या की, त्यांना आवडनिवड आहे, त्या प्रतिसाद देतात. मार्च २०११ मध्ये याचिका फेटाळली गेली. कायद्यापुरता निर्णय झाला. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कायद्याचा नव्हताच. ‘आत’ कोणी आहे का, आणि असेल तर बाहेरच्याने ते ओळखावे कसे, हा प्रश्न जाणिवेच्या तत्त्वज्ञानाचा होता.

तत्त्वज्ञान हा निवृत्तीनंतरचा विरंगुळा आहे, अशी आपल्या सुशिक्षित घरांतूनही समजूत असते. म्हणून हे उदाहरण मुद्दाम आरंभी घेतले. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांच्या चमूने निश्चेष्ट समजल्या गेलेल्या एका रुग्ण स्त्रीला ‘आपण टेनिस खेळत आहोत, अशी कल्पना करा’ असे सांगितले आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल टिपली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात, सूचनेला कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू मात्र ती सूचना पाळत असल्याचे आढळले. चौघांमागे एक! अशा रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कुटुंबाला या आकड्याचा अर्थ कोणी सांगायचा? यंत्र फक्त मेंदूतील हालचाल दाखविते. त्या हालचालीला जाणीव म्हणावे काय, हे यंत्र सांगत नाही. तेथे तत्त्वचिंतकच लागतो.

पाश्चात्त्य विद्यापीठांनी हे ओळखले आहे. १९९४ साली अमेरिकेतील टुसान येथे डेव्हिड चामर्स या तरुण तत्त्वज्ञाने जाणिवेची ‘कठीण समस्या’ मांडली : मेंदूतील सगळ्या घडामोडींचा हिशेब लागला, तरी त्या घडामोडींना अनुभवाची बाजू का असावी, हे शिल्लकच राहते. १९९८ मध्ये ख्रिस्टोफ कोख या मेंदूशास्त्रज्ञाने त्यांच्याशी पैज लावली की, २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतील खूण सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे कोख यांनी जाहीरपणे हार मान्य केली. दोन प्रतिस्पर्धी सिद्धान्तांची एकाच कसोटीवर झालेली परीक्षा २०२५ मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केली, तीत दोन्ही सिद्धान्तांना धक्के बसले. या उपक्रमाला बळ दिले ते टेम्पल्टन वर्ल्ड चॅरिटी फाउंडेशन या खासगी न्यासाने.

अशा कामाचा मोठा भार कोण उचलतो? पीएच.डी. होऊन दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर नेमलेले तरुण संशोधक. यालाच पोस्टडॉक्टरल संशोधनपद म्हणतात. पीएच.डी. ही उमेदवारी असते; स्वतःचा विचार खऱ्या अर्थाने त्यानंतर उगवतो. त्या वयात डोक्यावर तासिकांचे ओझे आणि घरभाड्याची विवंचना नसेल, तरच तो वाढतो. दोन-तीन वर्षांची निश्चिंती, एवढेच या पदाचे मर्म आहे.

आता आपल्याकडे वळू. असा विषय निघाला की, ‘हे सारे आमच्या ऋषींनी आधीच सांगून ठेवले आहे’ हे वाक्य आपल्या बैठकांतून हमखास ऐकू येते. श्रद्धा म्हणून त्याचा आदर करावा. परंतु शास्त्र म्हणून ते अपुरे आहे. कारण आपल्या दर्शनांनी एकच एक उत्तर सांगितलेले नाही. त्यांनी शतकानुशतके वाद केला आहे. चैतन्य हे आत्म्याचे स्वरूपच, असे अद्वैती म्हणतो. नैयायिकाच्या मते ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, तो मनाच्या संयोगाने उपजतो आणि नाहीसाही होतो. सांख्य तर मन आणि बुद्धी यांनाच जड प्रकृतीत टाकतो आणि चैतन्य पुरुषापाशी ठेवतो. चार्वाक म्हणतो, घटकांच्या मिश्रणातून मादकता यावी तसे भूतांतून चैतन्य येते. यांतले ‘आमचे’ कोणते? सगळेच!

एकच उदाहरण पाहा. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, ‘छान झोप लागली, काही कळले नाही.’ अद्वैती विचारतो, अनुभवच नव्हता तर ही आठवण कशाची? नैयायिक उत्तरतो, ही आठवण नव्हे, उठल्यावर केलेले अनुमान आहे. हा वाद आज जिवंत आहे. २०१६ मध्ये जेनिफर विंट, टोरे नील्सन आणि इव्हान थॉम्पसन यांनी स्वप्नरहित झोपेत जाणीव लोपते का, हा प्रश्न मेंदूविज्ञानाच्या एका अग्रगण्य नियतकालिकात नव्याने मांडला, तो भारतीय दर्शनांतील या चर्चेचा आधार घेऊन. प्रश्न आपला, पण तो निद्राप्रयोगशाळेपर्यंत नेणारे विद्वान परदेशातील. याचा विषाद मानण्याचे कारण नाही, विद्येला सीमा नसतात. परंतु एका टेबलावर शांकरभाष्य आणि दुसऱ्यावर मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख ठेवून बसण्यासाठी आपण किती तरुणांना वेतन देतो, हे स्वतःला विचारलेच पाहिजे.

हे आपल्याला जमत नव्हते, असे नाही. खानदेशातील अमळनेर येथे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथे निवडक अभ्यासकांना केवळ चिंतन-लेखनासाठी विद्यावृत्ती मिळे. आजच्या भाषेत ते पोस्टडॉक्टरल पदच होय. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा, आत्मत्वाचे स्वरूप थरामागून थर उलगडणारा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरहून प्रसिद्ध झाला. पुढे ते त्या संस्थेचे संचालकही झाले. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी येथेच एकमेकांशी वाद घालत ‘अज्ञान’ या एकाच संकल्पनेवर १९३३ मध्ये ग्रंथ सिद्ध केला. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’चे एक संपूर्ण प्रकरण अज्ञानखंडनाला दिले, त्या महाराष्ट्रात हे घडावे, हे उचितच होते. याच भट्टाचार्यांनी ‘विचारांतील स्वराज्य’ हा विषय मांडला. राजकीय दास्याहूनही सूक्ष्म असे दास्य उसन्या कल्पनांचे असते, हा त्यांचा इशारा होता. घोषणांनी ते तुटत नाही. बैठक मारून केलेल्या कामाने तुटते.

आज परिस्थिती अगदीच निराशाजनक नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत चेतना-अध्ययनाचा स्वतंत्र उपक्रम आहे. भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषद अभ्यासवृत्ती देते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला स्थान दिले. उणीव आहे ती सांध्याची. न्याय-वेदान्त शिकलेल्याला मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे दार उघडत नाही आणि प्रयोगशाळेतल्याला संस्कृत येत नाही. दोन्हीकडे पाय ठेवू पाहणारा अर्जदार निवड समितीपुढे ना इकडचा ठरतो, ना तिकडचा.

म्हणून सूचना साधी आहे. उत्सव, स्मरणिका आणि सभागृहे यांसाठी समाज सढळ हाताने देतो. त्यातील काही धन एखाद्या विद्यापीठात वा संशोधनसंस्थेत असे एखादे पद चालविण्यासाठी द्यावे. मुदत किमान तीन वर्षे असावी. एक मार्गदर्शक शास्त्री आणि एक मेंदूवैज्ञानिक असावा. दरवर्षी एक तरी लेख मराठीत प्रसिद्ध व्हावा, म्हणजे विषय घराघरांत पोहोचेल.

आणि एक अट देणगीदारांवरही हवी : निष्कर्ष आधी ठरवून देऊ नये. तीन वर्षांच्या अभ्यासानंतर संशोधक जर म्हणाला की, झोपेच्या प्रश्नात नैयायिकाचे म्हणणे अधिक टिकते, तर तेही आनंदाने छापावे. ठरलेल्या उत्तराकडे नेणाऱ्या लेखनाला वकिली म्हणतात. आणि ज्या परंपरेने आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायला शिकविले, तिला वकिलाची गरज नाही.

आत्मानुभव हा साधनेचा विषय आहे, प्रयोगशाळेचा नव्हे, असे काही ज्येष्ठ म्हणतील. साधनेचा मार्ग वेगळा, हे मान्यच आहे. परंतु आचार्यांनी साधनाही केली आणि भाष्येही लिहिली. एकीने दुसरीची सुट्टी होत नाही.

उद्या आपल्यापैकी एखाद्या घरातील मुलगी ‘मला जाणिवेचे तत्त्वज्ञान शिकायचे आहे’ असे म्हणाली, तर आई-वडील ‘पुढे काय?’ असे विचारतील. त्यांची काळजी रास्त आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आई-वडिलांनी नव्हे, समाजाने द्यायचे आहे. १९१६ मध्ये अमळनेरच्या एका गिरणीमालकाने ते दिले होते.