वेगळी चूल, वेगळा हिशेब

एकत्र कुटुंबातून वेगळी चूल मांडली की स्वयंपाक आपल्या मर्जीचा होतो. पण पोळपाटापासून मिठाच्या बरणीपर्यंत सारं नव्यानं घ्यावं लागतं. ब्रिटनचं तेच झालं. २०१६ साली तिथं लोकांचा कौल घेतला. ५२ टक्के बाहेर पडा म्हणाले, ४८ टक्के नको म्हणाले. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून वेगळं झालं आणि त्या वर्षअखेर जुने नियमही संपले.

"आपल्याला काय त्याचं?" असं म्हणू नका. आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षं दोन्हीकडे जातात. पूर्वी रॉटरडॅम बंदरात एकदा जकात भरून सोडवलेला माल सरळ लंडनला जाई. आता ब्रिटनच्या दारात पुन्हा कागदपत्रं, आणि फवारणीच्या औषधांचा अंश किती चालेल हेही ते स्वतंत्र ठरवतात. याची झळ बागाईतदाराला आणि पॅकिंगला बसणाऱ्या बायांच्या रोजगारालाही लागू शकते.

मग बाहेर पडणं चुकलं का? वाद इथंच आहे. अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या ब्रिटनच्याच कार्यालयानं दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील असं धरलं आहे. दुसरी बाजू म्हणते, वेगळे झालो म्हणूनच २४ जुलै २०२५ ला भारताशी स्वतंत्र करारावर सह्या करता आल्या.

दोन्ही खरं आहे. म्हणून घरात हा वाद निघाला की एवढंच विचारा : मर्जी कुणाची राहिली, आणि खर्च कुणाच्या पदरी पडला?