आकडा नंतर, आधी तराजू

नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात मोल भेटतो आणि बहुतेक मुलांच्या हाती त्यातून एकच गोष्ट लागते: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. माझ्या मते हा आकडा आधी शिकवूच नये. केळी डझनाने तसे अणू मोलाने, ही वर्गातली ठरलेली उपमाही अर्धीच खरी आहे. केळी मोजता येतात. अणू तोलावेच लागतात, आणि तोलावरून संख्या काढण्यासाठीच तर मोल आहे.

वरठीच्या मुलांना उदाहरणासाठी लांब जायला नको. गावातच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. लोहखनिजातल्या फेरिक ऑक्साइडच्या एका मोलाला कार्बन मोनॉक्साइडचे तीन मोल लागतात आणि लोखंडाचे दोन मोल मिळतात. वजनात मांडले, तर १६० टन शुद्ध ऑक्साइडला ८४ टन वायू लागतो, ११२ टन लोखंड सुटते आणि १३२ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नुसत्या १६० आणि ८४ कडे पाहून एकास तीन हे प्रमाण कोणाला दिसेल? पोलादातला कार्बन तर याहून फसवा. वजनात तो ०.४ टक्के असला, तरी अणू मोजले तर शंभरात जवळजवळ दोन भरतात, कारण कार्बनचा अणू लोखंडाच्या अणूच्या पाव वजनाचाही नसतो. पोलादाला कठीणपणा देतात ते हेच चिमूटभर अणू.

कारखान्यात टन आणि टक्के चालतात, मोल कोणी म्हणत नाही, हे खरेच. पण त्या टनांची प्रमाणे अणूंच्या हिशेबातूनच येतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून होत असे. २०१९ पासून ती थेट या आकड्यावर उभी आहे. मग आकडा मागे कसा ठेवणार? पण व्याख्येचा क्रम आणि समजण्याचा क्रम एकच असायला हवा, असे कुठे आहे? अ‍ॅव्होगाड्रोने आपली कल्पना १८११ मध्ये मांडली, १८५६ मध्ये तो वारला, तेव्हाही हा आकडा कोणाला ठाऊक नव्हता. लोश्मिटचा पहिला अंदाज १८६५ चा. ‘मोल’ हा शब्द रूढ करणारा ओस्टवाल्ड तर पुढे कित्येक वर्षे अणूच मानायला तयार नव्हता! रसायनातले हिशेब तरीही चोख चालले होते.

परीक्षेत गुण आकड्यालाच मिळतात, ही शिक्षकांची अडचण खोटी नाही. आकडा येऊ द्या, पण १६० टनांचा हिशेब मुलांनी स्वतः करून झाल्यावर.