भिंतीपलीकडची दया

‘वेड्यांनी वेड्यांच्या इस्पितळातच राहावे,’ असे आपण किती सहज बोलून जातो! मनोरुग्ण चारचौघांत राहू शकत नाही, हा त्यामागचा समज. बेल्जियममधील गील गावाने तो कित्येक शतकांपूर्वीच खोटा ठरविला. संत डिम्फ्नाच्या तीर्थस्थानी आलेल्या रुग्णांना तेथील शेतकरी कुटुंबांनी घरात ठेवून घेतले, आपल्या पंगतीला बसविले, शेतावर कामाला नेले. १९३८ साली साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण अशा घरांतून नांदत होते. पाठीशी वैद्यकीय देखरेख, राहणे मात्र कुटुंबात. ही प्रथा आजही टिकून आहे.

आणि आपल्या देशात? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आश्रयगृहाला आग लागून २८ मनोरुग्णांचा बळी गेला. साखळदंडांनी जखडलेल्यांना पळताही आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. नातलगांनी झिडकारले एवढ्याच कारणासाठी त्याला इस्पितळात खितपत ठेवता येत नाही. निवासी पुनर्वसनगृहे व घरी येऊन मिळणारी सेवा उपलब्ध करणे, हे शासनाचे कर्तव्य ठरले.

‘कुटुंब थकते, त्याचे काय?’ असे कोणी विचारील. थकतेच; म्हणूनच ही सेवा दारापर्यंत आली पाहिजे. ती शासनाकडे ठणकावून मागू या. परंतु असे एखादे निवासगृह उद्या आपल्याच आळीत उघडू लागले, तर विरोधाच्या अर्जावर पहिली सही कोणाची असेल? कायदा हक्क देतो. शेजार आपणच द्यावयाचा असतो.