प्लेटलेटचा भाव काय?

पावसाळा सरत आला की लातुरात दोन भाव विचारले जातात: दिवसा सोयाबीनचा आणि रात्री प्लेटलेटचा. "काल अडतीस होत्या, आज बत्तीसवर आल्या," असं सांगताना पेशंटच्या नातेवाइकाचा चेहरा अडतीवर माल पडून राहिलेल्या शेतकऱ्यासारखा होतो.

या आठवड्यात मेव्हणा डेंग्यूनं ॲडमिट झाला. पेशंटभोवती दवाखान्यात जत्रा भरवू नये, असं माझं जुनं मत; ते लिहिलं तेव्हा रागाची पत्रंही आली होती. तरी गेलो. "तुमच्या मतांसाठी माझा भाऊ आजारी पडला नाही," असं घरातून ऐकवण्यात आलं होतं.

कॉटभोवती सगळे हजर. अहमदपूरचे मामा शेळीचं दूध घेऊन, कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन, कुणी किवी घेऊन. प्लेटलेटचा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि विचारलं, "सकाळपासून लघवी किती झाली?"

सगळे पंख्याकडे बघू लागले. सून पदर सावरत बाहेर गेली. मामा म्हणाले, "झाली असंल की. मानसाला होतच असती." मोजायला दिलेल्या प्लास्टिकच्या मगात कुणीतरी चमचे धुऊन ठेवले होते.

उत्तर दिलं ते नांदेडच्या साडूनं, तेही कागद बघून. मे २०२१मध्ये घरच्या माणसाला कोविडनंतर काळी बुरशी झाली, तेव्हा ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी हा नांदेडभर फिरलेला. त्या औषधाचा ताण किडनीवर येतो, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन सारखं बघत; किडनी मंदावली की ते वाढतं. तेव्हापासून हा माणूस दवाखान्यात वही घेऊनच बसतो.

माहितीचं एवढंच सांगतो. डेंग्यूत रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, उलट्यांनी आणखी कमी होतं, बीपी उतरतं आणि किडनीला रक्त पुरत नाही. वर अंगदुखीवर डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली असेल तर दुष्काळात तेरावा महिना. ६० किलोच्या माणसाला सलग सहा तास ताशी ३० मिलीही लघवी होत नसेल, किंवा क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३नं वाढलं, तर डॉक्टर सावध होतात. किडनीचा हा उद्योग डेंग्यूपुरता नाही. २०२० साली न्यूयॉर्क भागातल्या दवाखान्यांत दाखल झालेल्या ५,४४९ कोविड रुग्णांपैकी ३६.६ टक्के जणांच्या किडन्या अशा अचानक बिघडल्या होत्या. वेळेत लक्षात आलं तर बहुतेकदा सावरतात, पण लक्षात यायला कुणीतरी मोजावं लागतं. आणि आपल्याकडे सासऱ्याची लघवी विचारायची कुणी? सुनेला संकोच, मुलाला फोन, बायकोला रडू.

मेव्हण्याचं क्रिएटिनिन वाढलेलंच निघालं. पोटॅशियमही. डॉक्टरांनी पहिलं काय केलं असेल, तर शहाळी बंद. किवीसुद्धा.

वॉर्डात हाहाकार. नारळपाणी बंद? हा कसला डॉक्टर! किडनी मंदावली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि शहाळ्यात ते भरपूर असतं, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मामांनी तितक्याच शांतपणे ऐकलं आणि बाहेर येऊन "नांदेडला हलवू" म्हणाले.

खरा पेच पुढं होता. भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही आणि दवाखान्याच्या दाराशी मिळतं काय, तर शहाळं. संध्याकाळपर्यंत कॉटखाली ढीग लागला. शेजारच्या कॉटला विचारलं, त्यांचाही तोच ढीग. वॉचमननं दोन घेतली, तिसऱ्याला हात जोडले. शेवटी आम्हीच प्यायलो, मामांनी सर्वांत जास्त. किवी मी आणि साडूनं संपवल्या. आंबट होत्या.

शुक्रवारी लघवी नीट सुरू झाली, क्रिएटिनिनही उतरलं. सलाइन मोजून दिलं, दुखण्याच्या गोळ्या थांबवल्या, दर तासाची नोंद ठेवली, याचा तो परिणाम. मामांनी मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, बंद करायच्या आधी दोन शहाळी गेली हुती ना पोटात? त्यानंच उतरलं."